उतारावर बंद पडणारा कॉम्प्युटर

डेपोत आक्काला पाठीमागं सगळे ‘हँडब्रेक’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एकदा ओढला की जागचा हलत नाही, असा त्याचा अर्थ. ती बस चालवायला लागली तेव्हा डेपोतल्या बायका फक्त तिकिटं फाडायच्या. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ दारात पायरीवर थबकले आणि म्हणाले, “बाई चालवणार असेल तर मी मागच्या गाडीनं येतो.” आक्कानं इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मांडीवर ठेवली.

“मग पूर्ण उतरा. एक पाय आत आणि एक बाहेर, असली माणसं मी नेत नाही.”

मागच्या बाकांवरून लोक खेकसायला लागले तसे गृहस्थ गुमान आत येऊन बसले, तेही थेट तिच्या मागच्या सीटवर. पुढं वर्षानुवर्षं ते तिच्याच गाडीनं जायचे आणि इतरांना सांगायचे, डुलकी काढायची असेल तर हिच्या गाडीत काढावी.

अशी बाई पडली कुठं, तर डेपोच्या आवारात. बसगाड्या धुवायची जागा उताराची आहे, तिथं कुणीतरी ऑइल सांडून ठेवलं होतं. उजव्या पायाची नडगी मोडली. आत पट्टी बसली, स्क्रू बसले. मग प्लॅस्टर निघालं, काठी आली, काठीही गेली. आक्का खाकी कपडे घालून ड्यूटीवर हजर झाली, तर साहेबांनी तिला चौकशीच्या खिडकीत नेऊन बसवलं.

खिडकी म्हणजे गजाआडची खुर्ची, समोर माइक आणि दिवसभर तेच ते. गाडी कितीला, फलाट कुठला, लागली की सुटली. लांबून हॉर्न ऐकूनच तिला कळायचं कोण चालवतंय. आपल्या ताटातलं दुसऱ्यानं खायचं आणि आपण त्याला वाढत बसायचं, तसली ती नोकरी. तिच्या मार्गावर एक जवान पोरगा दिला होता. वळणावर तो उशिरा ब्रेक मारतो, हे ती गाडी आत शिरतानाच्या कचकन आवाजावरून ओळखायची आणि माइक बंद करून त्याला शिव्या घालायची. एकदा माइक बंद करायचा राहिला. सगळ्या स्टँडनं ऐकलं.

साहेबांनी बोलावून घेतलं. “आक्का, हट्ट सोडा आता. मोडलेला पाय ब्रेकचा आहे. ऐन उतारावर त्यानं दगा दिला तर? मागं पन्नास जीव असतात.”

“पाय माझा आहे साहेब. दगा देणार असेल तर आधी मला सांगेल.”

“डॉक्टर म्हणतात जोर कमी पडतो.”

“डॉक्टरांनी हातानं पाय दाबून बघितला. ब्रेक दाबायला दिला का? तुम्ही चाचणी घ्या. नापास झाले तर आमच्या यजमानांकडून या खिडकीला झालरीचे पडदे शिवून घेते आणि रिटायर होईपर्यंत हूं का चूं करत नाही.”

साहेब थकून म्हणाले, “ठीक आहे. पण एकदाच. त्यानंतर हा विषय बंद.”

चाचणी महिनाअखेर ठरली. तोवर हातात बस द्यायची नाही, असा हुकूम. पोहायची परीक्षा घ्यायची आणि तोवर पाण्याकडं फिरकू द्यायचं नाही, त्यातली गत.

आता घरातलं सांगतो. दोन खोल्या. पुढच्या खोलीत यजमानांचं शिवणकाम चालायचं. गळ्यात टेप, कानावर खडू, दातांत टाचणी, त्यामुळं ते बोलायचे कमी आणि बोललेच तर दात न उघडता. आक्का पडल्यापासून ते मनातून फार घाबरले होते. खिडकीची नोकरी त्यांना पसंत होती. सावली, पंखा, वेळेवर घरी. “अगं, बसून पगार मिळतोय, बस की,” असं ते टाचणीच्या फटीतून म्हणायचे आणि आक्कानं वळून बघितलं की मशीनचं पायडल जोरात मारायला लागायचे.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात लेकीचा कॉम्प्युटर होता. लेक जाहिरातींची चित्रं करायची नोकरी करते. घरात ती धाकटी म्हणून अजून ‘बारकी’च. गेम खेळायचा तो कॉम्प्युटर तिनं एकेक भाग जमवून स्वतः जोडलेला. त्याच्या डब्याला एका अंगानं काच, आत पंखे, पंख्यांना रंगीत दिवे. चालू केला की कोपऱ्यात जत्रेतला पाळणा फिरायला लागल्यासारखं वाटायचं.

आईचं खिडकीतलं तोंड बघवेना, तेव्हा बारकीनंच डोकं चालवलं. मैत्रिणीकडून गेमचं स्टिअरिंग आणि पायात ठेवायची पेडलांची पाटी आणली, बस चालवायचा गेम टाकला आणि म्हणाली, “आई, बस. डोळ्याला आणि पायाला सवय राहील.”

“खेळण्यावर?”

“बसून तर बघ. पाडलीस तरी कुणी मरत नाही.”

आक्का बसली. पहिल्या ब्रेकलाच पेडलांची पाटी फरशीवरून सुर्रकन पुढं गेली. बारकीनं खाली पायपुसणं घातलं, तर पायपुसण्यासकट गेली. मग आक्कानं तिच्या परीनं इलाज केला. ड्रायव्हरची जातच तशी, घसरणारी वस्तू दिसली की तिला अडण लावणार. तिची जुनी बस भंगारात निघाली तेव्हा वर्कशॉपातल्या पोरांनी त्या बसच्या चाकाखालचा लाकडी ठोकळा तिला आठवण म्हणून दिला होता. ग्रीस पिऊन काळा पडलेला, पाचरीच्या आकाराचा. पलंगाखालून तो काढून आक्कानं पेडलांची पाटी आणि कॉम्प्युटरचा डबा यांच्या मधे ठोकून बसवला. डब्यामागं भिंत. स्वतःची खुर्ची मागं यजमानांच्या कापायच्या टेबलाला टेकवली.

“आता जाऊ दे कुठं जाते ते,” म्हणाली.

आणि खरंच छान चालली बस. गेमात डोंगराचा रस्ता होता, आक्कानं तो निवडला. चढ चढली, वर पोचली, उताराला लागली, तिसऱ्या वळणावर ब्रेक मारला आणि सगळं गप्प झालं. पडदा काळा, पंखे थांबले, पाळणा विझला.

“लाइट गेली का?”

यजमानांच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता.

बटण दाबल्यावर कॉम्प्युटर काही झालंच नाही अशा थाटात चालू झाला. पुन्हा चढ, पुन्हा उतार, पुन्हा काळोख. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बारकी मात्र तिचा मोटारींच्या शर्यतीचा गेम तासन् तास खेळायची, तेव्हा तो लेकाचा एकदाही बंद पडायचा नाही.

बारकी चिडली. स्वतः जोडलेली वस्तू म्हणजे पोटचं पोर, त्याला नाव ठेवलेलं कसं खपेल? तिनं काच उघडली, ब्रशनं धूळ काढली, पंखे पुसले. “तापत असेल. जास्त तापला की स्वतःला वाचवायला तो आपोआप बंद होतो.” पडद्याच्या कोपऱ्यात आतल्या तापमानाचा आकडा दिसेल अशी सोय केली. आक्का उताराला लागली, आकडा शहाण्यासारखा जागच्या जागी, आणि धप्प. बंद.

“तापून बंद पडणारी गाडी चढावर पडते,” आक्का म्हणाली. “हा चढ बिनबोभाट चढतो. मेला उतारावरच कसा पडतो?”

“आई, त्याला चढ-उतार काय कळतंय? त्याला दोन्हीकडं चित्रच काढायचं असतं.”

“मग उतारावर वेगळं काय होतं?”

“काहीच नाही.”

“काहीतरी होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ. वर्कशॉपात असंच करतात. चार गोष्टी एकदम बदलल्या की गाडी चालू होते, पण कशानं चालू झाली ते कळत नाही.”

बारकीनं तसंच केलं. मागची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली, तरी बंद पडला. वायर नवी आणली, तरी तेच. आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या, तेच. शेवटी आक्काची नजर भिंतीवरच्या बोर्डाकडं गेली. त्याच बोर्डावर यजमानांची इस्त्री, आणि बोर्डाला सगळ्यांत जवळ बसलेला माणूस कोण?

“अहो.”

“हं.”

“टाचणी काढा तोंडातली.”

त्यांनी काढली.

“मी उताराला लागले की तुम्ही बटण बंद करता का?”

यजमान हातातली पँट खाली ठेवून उठले. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला बारकीनं ऐकला नव्हता. “मी? मला तू खिडकीत बसलेली हवी आहेस. दहा वेळा म्हणालोय, तोंडावर म्हणालोय. पण चोरून बटण बंद करायचं असतं ना, तर ज्या दिवशी तू लायसन काढलंस त्याच दिवशी केलं असतं! तेव्हा माझी आई उरावर बसली होती, अख्खी गल्ली हसत होती. केलं का मी?”

यजमानांनी इस्त्रीचा प्लग काढला, आपल्या खुर्चीसकट खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि हाताची घडी घालून म्हणाले, “चालव आता.”

तिनं चालवली. तिसऱ्या वळणावर काळोख.

त्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर दिसलं. उतारावर वेगळं काय असतं? वेगळी असते ती मीच. हा पायच. त्या यंत्रालासुद्धा कळलंय की काय?

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं गेला. जिन्याखालच्या दुकानात बसणारा हा प्राणी काडीसारखा बारीक होता आणि सगळे त्याला ‘स्क्रू’ म्हणायचे. त्यानं डबा टेबलावर ठेवला, करंटचा आतला डबा बदलून बघितला, मग जुनाच परत बसवला, जड जड गेम लावून दोन दिवस अखंड चालवला. तिसऱ्या दिवशी फोन केला. फोन आक्कानं घेतला.

“काकू, मशीन ठणठणीत आहे. एकदाही बंद पडलं नाही.”

“आमच्याकडं पडतं.”

“मग मशीनमधे दोष नाही.” स्क्रू हसला. “चालवणाऱ्याला बघा.”

बिचाऱ्यानं गमतीत म्हटलं. पण कुठल्या जखमेवर मीठ पडलं, हे त्याला काय माहीत!

“चालवणाऱ्याला बघायचंय ना?” आक्का म्हणाली. “मग फोनवरून कसं दिसेल? घरी ये. येताना कॉम्प्युटर घेऊन ये. आणि बघून झाल्याशिवाय जायचं नाही.”

“काकू, मी घरी जाऊन...”

“हँडब्रेक म्हणतात मला. विचार कुणालाही.”

रविवारी दुपारी स्क्रू डबा खांद्यावर घेऊन आला. चाचणीला चारच दिवस उरले होते. बारकीनं सगळं होतं तसं लावलं. पाटी, ठोकळा, डबा, भिंत. आधी बारकी बसली. बसच्या गेमातही ती ब्रेक नावाला लावायची. प्रत्येक वळणावर गाडी कड्याला घासत, ठिणग्या उडवत खाली पोचली. कॉम्प्युटर चालूच.

“ही तुझी गाडी चालवायची पद्धत?” आक्का म्हणाली.

“गेम आहे आई.”

“प्रवासी आहेत आत.”

“चित्रातले आहेत!”

“चित्रातले असले म्हणून काय झालं? तिकीट काढलंय त्यांनी. ऊठ.”

मग स्क्रू बसला. तो जपून ब्रेक लावत खाली उतरला. कॉम्प्युटर चालू. त्यानं भुवया उडवल्या, पण तोंड उघडायची हिंमत केली नाही. मग आक्का बसली. तिसऱ्या वळणावर पाळणा विझला.

स्क्रूचं हसू मावळलं. आता त्याच्यातला कारागीर जागा झाला. तो फरशीवर आडवा झाला, गाल भिंतीला चिकटवून डब्यामागच्या फटीत टॉर्च मारला आणि म्हणाला, “काकू, परत.”

पुन्हा चढ, पुन्हा उतार. आक्कानं ब्रेक दाबला.

“अय्यो!” स्क्रू फरशीवरून ओरडला. “डबा सरकला! आख्खा डबा मागं सरकला! काकू, सोडा. आता दाबा. सोडा. दाबा. अरे देवा.”

तो धुळीनं पांढरा होऊन उठून बसला. “वायर मागून सरळ बाहेर येते ना, तिच्यात आणि भिंतीत बोटभर जागा आहे. तुम्ही ब्रेक दाबला की पाटी ठोकळ्याला ढकलते, ठोकळा डब्याला, डबा भिंतीकडं जातो, वायरचं टोक भिंतीवर दबून वाकडं होतं आणि करंट तुटतो. पाय सोडला की डबा पुन्हा जागेवर. माझ्या टेबलावर कसा बंद पडणार? तिथं ना भिंत, ना ठोकळा, ना...” तो थांबला.

“ना मी,” आक्का म्हणाली.

“मग मी ब्रेक लावला तेव्हा का नाही सरकला?” असं स्वतःशीच पुटपुटत तो पुन्हा खुर्चीत बसला, टेबलाला पाठ लावली आणि दात-ओठ खाऊन पेडल दाबलं. मानेच्या शिरा फुगल्या. डबा ढिम्म.

“बाजूला हो,” यजमान म्हणाले. जन्मभर पायमशीन मारलेला त्यांचा पाय. त्यांनी चप्पल काढली, पँट वर सारली आणि दाबलं. डबा किंचित कुरकुरला. दिवे तसेच फिरत राहिले.

मग आक्का बसली. या वेळी तिनं गेमकडं बघितलंच नाही, आपल्या पायाकडं बघितलं. नडगीवरचा लांब वण, आत स्क्रू, आत पट्टी. तिनं दाबलं. डबा सरकला, खोली काळवंडली.

यजमानांनी गळ्यातला टेप काढला, वाकून डबा आणि भिंत यांतलं अंतर मोजलं, आक्काला पाय सोडायला लावून पुन्हा मोजलं. दोन्ही आकडे मनाशी ठेवून ते सरळ उभे राहिले. गिऱ्हाइकाचं माप घेतल्यावर राहतात तसे.

“जोर कमी पडतो म्हणे,” ते म्हणाले. “कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? त्याला माप घ्यायला शिकवतो मी.”

बारकी खो खो हसत सुटली. “एवढे दिवस मी त्याच्या पोटात रोग शोधत होते, आणि आई त्याला लाथ घालत होती!”

“मग सांगायचं नाही का त्यानं?” आक्का म्हणाली, आणि डोळे पुसायला तिनं समोरच पडलेली कुणाचीतरी पँट उचलली. यजमानांनी ती परत इस्त्रीला घेतली.

डबा उचलून टेबलाखाली बाजूला ठेवला, पाटी आणि ठोकळा सरळ भिंतीला भिडवले. बिघाड तेवढ्यानंच संपला. उरलेले दिवस आक्का संध्याकाळी तोच डोंगर चढत-उतरत राहिली आणि यजमान इस्त्री हातात धरून मागं उभे राहून बघत राहिले. एकदा वळणावर ते नकळत डावीकडं झुकले, प्रवासी झुकतात तसे.

चाचणीला डेपोतली जुनी शिकाऊ बस काढली होती. तिचा ब्रेक दगडासारखा, दाबताना भल्याभल्यांची मांडी भरून यायची. साहेबांनी जागा निवडली तीही तीच, गाड्या धुवायचा उतार. चढावर मधोमध गाडी थांबवायची, गिअर नाही, हँडब्रेक नाही, नुसत्या पायावर धरायची. सोडा म्हणेपर्यंत. सगळं वर्कशॉप हातातलं काम टाकून कडेला उभं. तिच्या मार्गावरचा जवान पोरगाही होता, खिडकीतल्या माइकवर शिव्या खाल्लेला.

आक्का चढली, आरसा नीट केला, गाडी मध्यावर नेऊन उभी केली. आरशात तिला दिसलं, हेल्पर ठोकळा घेऊन मागच्या चाकाकडं पळतोय.

तिनं काच सरकवून डोकं बाहेर काढलं. “ए! काय करतोस?”

“आक्का, साहेबांनीच सांगितलंय. पायाचा भरवसा नाही, लावून ठेव म्हणाले.”

“काढ तो.”

हेल्परनं साहेबांकडं बघितलं.

“त्यांच्याकडं काय बघतोस, गाडी मी धरलीय. काढ, आणि चाकामागून बाजूला हो. पोराबाळांचा माणूस आहेस.”

साहेबांनी मान हलवली. हेल्परनं ठोकळा उचलून छातीशी धरला आणि लांब जाऊन उभा राहिला.

बस तसूभर हलली नाही. फलाटावर एक गाडी लागली, माणसं चढली, गाडी सुटलीसुद्धा. साहेबांनी चाकाशी वाकून बघितलं, कपाळ पुसलं, पुन्हा बघितलं. आक्काचा पाय पेटला होता, आतला स्क्रू न् स्क्रू मोजता येत होता. पण पायानं दगा देतो असं काही सांगितलं नव्हतं, आणि तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. घरी कॉम्प्युटरचा डबा सरकत होता आणि पुढं भिंत होती. बास, एवढंच तिनं डोळ्यांपुढं ठेवलं.

“ठीक आहे आक्का,” साहेब शेवटी म्हणाले. “झालं. सोडा आता.”

आक्कानं खिडकीवर कोपर टेकवलं.

“खात्री झाली ना साहेब? मागून शंका नको. वाटलं तर जेवून या सावकाश. मी धरते.”